लोन फिक्स्ड आहेत, मग पूल जुना होताना त्याचा वॅक (सरासरी व्याजदर) का घसरतो?

नवीन_टेप_वाचक (पुणे)

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका बॅक ऑफिसात काम करतो, अमेरिकेतल्या होम लोन पूलांच्या (पूल म्हणजे बरीच लोन एकत्र बांधून गुंतवणूकदारांना विकलेला गठ्ठा) मासिक फाइल्स तपासायच्या आणि आकडा खटकला की फ्लॅग लावायचा एवढंच काम. आधी ऑटो लोनवर होतो, त्यामुळे हे सगळं नवीन आहे.

एक पूल घ्या. ३० वर्षांची फिक्स्ड लोन, कूपन (गुंतवणूकदाराला मिळणारं व्याज) ६ टक्के, जून २०२३ चा इश्यू. सुरुवातीला वॅक ६.८४, वॅम ३५८, वाला २, सरासरी लोन साधारण ३ लाख ६० हजार डॉलर. २६ महिन्यांनंतरची फाइल म्हणते फॅक्टर ०.७२, वॅक ६.७७, वाला २८, वॅम ३२६, सरासरी लोन ३ लाख २० हजार. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॅक म्हणजे शिल्लक रकमेच्या वजनाने काढलेला सरासरी व्याजदर, वॅम म्हणजे तसेच उरलेले महिने, वाला म्हणजे लोनचं वय, फॅक्टर म्हणजे मूळ रकमेतलं किती उरलंय.)

आता प्रश्न. एक तर लोन फिक्स्ड आहेत, कोणाचाही दर बदललेला नाही, मग वॅक ७ बेसिस पॉइंट (म्हणजे ०.०७ टक्के) खाली कसा आला? दुसरं, २८ अधिक ३२६ म्हणजे ३५४ होतात, सुरुवातीला बेरीज ३६० होती, हे ६ महिने कुठे गेले? तिसरं, नुसते हप्ते भरून २६ महिन्यांत मुद्दल अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होतं, म्हणजे सरासरी लोन साडेतीन लाखाला यायला हवं होतं, ते ३ लाख २० वर कसं? आणि सरासरी फायको स्कोअर (कर्जदाराची पत दाखवणारा आकडा) सुद्धा ७५२ वरून ७४६ झालाय, फाइलमध्ये तर लोन देतानाचा स्कोअरच असतो, तो बदलतच नाही! मॅनेजर म्हणतो सीझनिंग आहे रे, चालतं, पुढे चल. पण मला चालत नाही :)

---

विरार_फास्ट

चांगला प्रश्न आहे आणि मॅनेजरचं उत्तर चूक नाही पण अर्धवट आहे. सीझनिंग म्हणजे फक्त वय वाढणं नाही. एक लोन जुनं होतं तेव्हा त्याचं मुद्दल घटतं आणि वय वाढतं, बस. पूल जुना होतो तेव्हा त्यातून माणसं निघून जातात, आणि जी जातात ती चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत सगळीकडची माणसं असतात, बोरिवली गेल्यावर डब्यात बघाल तर वसई-नालासोपारा-विरारवालेच उरलेले. डबा तोच, एकानेही स्वतःचं घर बदललेलं नाही, तरी डब्याचा सरासरी प्रवास वाढला. तुमच्या चारपैकी तीन प्रश्नांचं उत्तर एवढंच आहे.

वॅकचं गणित करून बघा. समजा पूलमध्ये निम्मी रक्कम ७ टक्क्यांची आणि निम्मी साडेसहाची, वॅक ६.७५. आता ७ वाल्यांपैकी ६० टक्के उरले आणि साडेसहावाल्यांपैकी ९० टक्के, म्हणजे ३० आणि ४५. नवा वॅक ६.७०. दर कोणाचाच हलला नाही. आणि हे कुठून आलं तर २०२३ च्या ऑक्टोबरात फ्रेडी मॅकचा (लोन विकत घेऊन हमीचे पूल बांधणारी अमेरिकन संस्था) ३० वर्षांचा सरासरी दर ७.७९ पर्यंत गेला होता, तिथून २०२४ च्या सप्टेंबरअखेर ६.०८ ला आला. त्या खिडकीत ७ आणि सव्वासातवाल्यांना रीफायनान्स (नवं स्वस्त लोन काढून जुनं फेडणं) परवडत होतं, साडेसहावाल्यांना खर्च धरला तर फारसं नाही. महाग लोन आधी गेली, स्वस्त राहिली.

एक बारीक गोष्ट उलटीही चालते, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. कोणीच प्रीपे केलं नाही (मुदतीआधी फेडलं नाही), फक्त हप्ते भरले, तर वॅक अगदी किंचित वर जातो, कारण जास्त दराच्या लोनचं मुद्दल सुरुवातीला हळू फिटतं आणि शिल्लक रकमेत त्याचं वजन वाढत जातं. पण हा परिणाम इतका छोटा की प्रीपेमेंटच्या रेट्यापुढे दिसत नाही. वॅक वर जाताना दिसला तर मात्र थांबून बघा, फाइलमध्ये काहीतरी गडबड असू शकते किंवा त्या पूलमधले कमी दरवाले काही कारणाने लवकर गेलेत.

सरासरी लोन साइजचंही तेच. अर्धा टक्का वाचत असेल तर १ लाखाच्या लोनवर वर्षाला ५०० डॉलर वाचतात, ५ लाखावर २,५००. टायटल, अप्रेझल, वकील वगैरे खर्च मात्र दोघांना बऱ्यापैकी सारखेच. म्हणून मोठं लोन आधी पळतं, छोटं बसून राहतं. यावर तर अख्खा धंदा उभा आहे, ८५ हजार डॉलरच्या आतली लोन वेगळी काढून लो लोन बॅलन्स पूल म्हणून जास्त भावाने विकतात, कारण ती हळू प्रीपे होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

६ महिन्यांचं उत्तर मात्र वेगळं आहे, ते गेलेल्यांमुळे नाही तर राहिलेल्यांमुळे. लोक हप्त्याशिवाय वरचे पैसे भरतात, आपण पार्ट पेमेंट म्हणतो, तिकडे कर्टेलमेंट. हप्ता तोच राहतो, मुदत शेवटाकडून कमी होते. साडेतीन लाखाचं लोन, ६.८ टक्के, हप्ता साधारण २,२८२ डॉलर. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकदाच ५,००० डॉलर जास्तीचे भरले तर शेवटचे १५ महिने उडतात! रक्कम दीड टक्काही नाही आणि महिने १५. म्हणून तिघांपैकी एकानेच असं केलं तरी पूलच्या वॅममधून ५-६ महिने सहज जातात. फाइलमध्ये उरलेल्या महिन्यांचे दोन कॉलम असतील तर बघून घ्या, एक करारातल्या शेवटच्या तारखेपर्यंतचे आणि एक कर्टेलमेंट धरून काढलेले. दोन टीम दोन वेगळे कॉलम उचलतात आणि मग आकडे जुळवताना भांडतात, हे रोजचं आहे.

---

सदाशिव_पेठ_०९

एवढं सगळं समजावलंत त्याबद्दल आभार, पण विरार फास्टमध्ये नालासोपाऱ्याला उतरू देतात का हो? ;)

---

विरार_फास्ट

दारात आधीपासून उभं राहिलं तर.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

वरचं सगळं बरोबर. फायकोबद्दल थोडं लिहितो कारण तो राहिला.

साध्या एजन्सी पूलच्या (फॅनी मे, फ्रेडी मॅक अशांच्या हमीचे) फाइलमध्ये फायको, मूळ एलटीव्ही (घराच्या किमतीच्या किती टक्के लोन), डीटीआय (उत्पन्नाच्या किती टक्के कर्जफेडीत जातं) हे लोन देतानाचे आकडे असतात, नंतर कोणी अपडेट करत नाही. म्हणून सरासरी फायको ७४६ झाला याचा अर्थ लोकांची पत घसरली असा अजिबात नाही, ७८० वाले रीफाय करून गेले एवढाच आहे. राहिलेल्याचा आजचा स्कोअर ८०० असेल किंवा ६२०, तुम्हाला त्या कॉलमवरून कळणार नाही. एलटीव्हीचंही तसंच. कागदावर ८० दिसतं, पण आज घराची किंमत काय आणि शिल्लक काय हा हिशोब स्वतः करायचा असतो, झिप कोडवरून किंवा मेट्रोच्या हाउस प्राइस इंडेक्सवरून. ज्याचं ९५ टक्के एलटीव्ही होतं त्याचं घर दोन-तीन वर्षांत चढलं की तो मॉर्गेज इन्शुरन्स (जास्त एलटीव्हीवाल्याला भरावा लागणारा विमा) काढून टाकायला बघतो (१९९८ च्या कायद्याप्रमाणे मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आला की अर्ज करता येतो, ७८ ला आपोआप निघतो), आणि त्या नादात बरेचदा रीफायच करून टाकतो. म्हणजे मूळ एलटीव्ही जास्त असलेला माणूस कायम अडकलेला असतो असं समजू नका.

आता वयाचं. नवीन लोनवाला लगेच घर विकत नाही, आत्ताच ट्रक रिकामा करून पडदे लावलेले असतात. म्हणून सुरुवातीला प्रीपेमेंट कमी आणि मग चढत जातं. १९८५ च्या सुमारास पब्लिक सिक्युरिटीज असोसिएशनने जो ठोकताळा केला तो अजून सगळीकडे चिकटलेला आहे: १०० पीएसए म्हणजे पहिल्या महिन्यात वार्षिक ०.२ टक्के प्रीपेमेंट, दर महिन्याला ०.२ ची भर, ३० व्या महिन्यात ६ टक्के आणि पुढे सपाट. आजच्या पूलला हे जसंच्या तसं लागू पडेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही, ते मोजायची पट्टी म्हणून वापरतात. तुमचा पूल २८ महिन्यांचा आहे म्हणजे त्या पट्टीवर चढण जवळपास संपलेली.

पण चढण संपली की सपाट असं प्रत्यक्षात नसतं, इथे बर्नआउट येतं. दर पडला, ज्यांना जमत होतं ते गेले. परत तेवढाच दर पडला तर दुसऱ्या वेळेला प्रतिसाद कमी येतो, कारण उरलेल्यांमध्ये ज्यांचं उत्पन्न कागदावर दाखवता येत नाही, ज्यांचं लोन छोटं, ज्यांना दोन वर्षांत गाव सोडायचंय म्हणून खर्च वसूल होणार नाही, आणि ज्यांना कंटाळा येतो, अशांचं प्रमाण वाढलेलं असतं. म्हणून सारख्याच वॅकचे दोन पूल, एक नवा आणि एक रीफायच्या एक-दोन लाटा खाल्लेला, यांना प्रीपेमेंटचा एकच स्पीड लावणं म्हणजे शुद्ध आळस आहे.

राज्यांचं प्रमाणही बघा. न्यूयॉर्कमध्ये मॉर्गेज नोंदवायचा वेगळा कर लागतो म्हणून तिथले लोक रीफायला नाखूश, पूल जुना होईल तसा न्यूयॉर्कचा वाटा फुगत जातो. कॅलिफोर्नियातली लोन मोठी, दर पडले की त्यांचा वाटा घटतो. हे दरवेळी होईलच असं नाही पण व्हायला लागलं तर फ्लॅग लावू नका.

आणि २०२१ चे पूल हा वेगळाच प्राणी आहे. २०२१ च्या जानेवारीत सरासरी दर २.६५ होता. ३ टक्क्याचं लोन हातात आणि बाजारात त्याच्या दुपटीच्या आसपास, तर रीफाय सोडाच, लोक घरसुद्धा विकत नाहीत, कारण साधं कन्व्हेन्शनल लोन खरेदीदाराच्या नावावर चढवता येत नाही, विकलं की फेडावंच लागतं. माझ्या ओळखीत निदान चार मराठी घरं अशी आहेत की मुलं मोठी झाली, जागा पुरत नाही, पण ३ टक्क्याचा मोह सुटत नाही. त्या पूलांमध्ये माणसं उतरतच नाहीत, त्यामुळे वर सांगितलेली सरकासरक तिथे फार हळू दिसते.

---

बॉण्डबाबा

फायको खाली, लोन छोटी, चांगली गिऱ्हाइकं गेलेली, म्हणजे सरळ मराठीत गाळ उरला. असा पूल कोण घेणार?

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

@बॉण्डबाबा, गाळ कोणासाठी ते ठरवा. फॅनी-फ्रेडीच्या पूलमध्ये मुद्दल बुडण्याची हमी त्यांनी घेतलेली असते, गुंतवणूकदाराला भीती पैसे लवकर परत येण्याची. १०३ ला घेतलेला बॉण्ड १०० ने परत आला की ३ गेले. त्यामुळे प्रीमियमवर असलेल्या पूलमध्ये जागचा न हलणारा कर्जदार म्हणजे सोनं, त्याला लोक जास्त पैसे मोजतात. उलट डिस्काउंटला (१०० पेक्षा कमी भावात) घेतला असेल तर तोच कर्जदार डोकेदुखी. आणि हमी नसलेल्या पूलमध्ये तुमचं म्हणणं बरोबर आहे. २००५-०६ च्या सबप्राइममध्ये (कमी पत असलेल्यांना दिलेली लोन) दोन वर्षं फिक्स्ड आणि पुढे २८ वर्षं फ्लोटिंग अशी लोन होती, २४ व्या महिन्याच्या आसपास ज्यांना दुसरीकडे रीफाय मिळत होतं ते सगळे सुटले, घरांच्या किमती पडायला लागल्यावर ती वाटही बंद झाली, आणि मागे जे राहिले त्यांचं काय झालं ते जगाने पाहिलं.

एजन्सी पूलमध्ये एक फसवं प्रकरण अजून, थकलेलं लोन पूलमधून विकत घेऊन बाहेर काढतात आणि गुंतवणूकदाराला ते प्रीपेमेंट म्हणूनच दिसतं. फॅनी-फ्रेडी पूर्वी साधारण ४ महिने थकल्यावर काढायचे, २०२१ पासून ते बहुतेक लोनसाठी २४ महिन्यांवर नेलं. म्हणजे त्याआधीच्या आणि नंतरच्या फाइल्समध्ये थकबाकीचा टक्का थेट ताडून बघू नका, नंतरच्या फाइल्समध्ये थकलेली लोन जास्त काळ आत बसून असतात.

---

कर्जखाते_ठाणे

आपल्याकडचं पण थोडं लिहितो, मी बरीच वर्षं हाउसिंग फायनान्समध्ये आहे आणि आमचे पूल बँकांना असाइन होतात (म्हणजे विकले जातात). वर म्हटलेलं सगळं वाचून आमच्या पूलकडे बघाल तर चक्रावाल, कारण आपल्याकडे होम लोन मुख्यतः फ्लोटिंग आणि दर वाढला की शक्यतो हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची पद्धत.

उदाहरण घ्या. २०२१ च्या सुरुवातीला ५० लाख, ६.७ टक्के, २० वर्षं, हप्ता ३७,८७० च्या आसपास. दोन वर्षांनी शिल्लक ४७.४५ लाख, उरलेले महिने २१६. रेपो मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ वरून ६.५० झाला, अडीच टक्के. तो सगळा एकदम लावला तर दर ९.२, पहिल्या महिन्याचं व्याजच ३६,३८० च्या घरात, मुद्दलात जेमतेम दीड हजार. हप्ता तोच ठेवला तर उरलेले महिने किती? साधारण ४२४! म्हणजे दोन वर्षं भरल्यावर २० वर्षांचं लोन आणखी ३५ वर्षांचं झालं. प्रत्यक्षात निवृत्तीचं वय आडवं येतं म्हणून कुठेतरी हप्ताही वाढवावा लागतो, पण त्या वर्षात आमच्या पूलांचा वाला दर महिन्याला १ ने वाढत होता आणि वॅमसुद्धा वाढत होता. अमेरिकन मॉडेल जसंच्या तसं घेऊन बसलेल्या एका पोराने तेव्हा डेटा करप्ट आहे म्हणून अख्खी फाइल परत पाठवली होती.

ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे कर्जदाराला निवडू द्या, आणि मुदत ताणताना हप्त्यातून व्याजही न सुटून मुद्दल वाढतंय असं होता कामा नये. २०२५ मध्ये उलटं झालं, रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, ज्यांनी हप्ता तोच ठेवला त्यांची मुदत भराभर आटली, तेव्हा वॅम महिन्याला १ पेक्षा जास्तने पडला. तेही बरोबरच आहे.

वॅकमध्ये आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे कन्व्हर्जन. गिऱ्हाईक बॅलन्स ट्रान्सफरची धमकी देतं, आम्ही थोडी फी घेऊन त्याचा स्प्रेड (मूळ दरावर लावलेला जादा टक्का) कमी करतो, लोन पूलमध्येच राहतं पण दर खाली. म्हणजे तुमच्याकडे वॅक पडला की कोणीतरी गेलं, आमच्याकडे पडला तर कोणीतरी जाता जाता राहिलं असंही असू शकतं. आणि फ्लोटिंग होम लोनवर प्रीपेमेंट दंड बँकांना २०१२ पासून बंद आहे, त्यामुळे दिवाळी बोनस, एलआयसीची पॉलिसी पिकली, गावची जमीन विकली, की थेट लोन खात्यात.

एक गंमत, परवडणाऱ्या घरांच्या जुन्या पूलमध्ये लोन दिल्यावर काही महिन्यांनी एकदम २ लाख ६७ हजारांपर्यंतची पार्ट पेमेंट दिसतील, एकामागोमाग एक. लोक श्रीमंत झाले नव्हते, पंतप्रधान आवास योजनेची व्याज सबसिडी थेट खात्यात जमा व्हायची. ती सबसिडी मार्च २०२२ ला संपली, म्हणून त्यानंतरच्या लोनमध्ये तो उंचवटा नाही. दोन्ही काळातले पूल एका वक्रात बसवलेत तर चुकाल.

---

हप्तेवाला_डोंबिवली

@कर्जखाते_ठाणे, साहेब माझं लोन २०१९ चं, तेव्हा १८ वर्षं बाकी होती, आता विचारलं तर १९ सांगतात. मी म्हातारा होतोय आणि लोन तरुण.

---

कर्जखाते_ठाणे

खात्याचं स्टेटमेंट काढा, त्यात आजचा दर आणि बाकी महिने दोन्ही असतात. दर नव्या गिऱ्हाइकापेक्षा बराच जास्त दिसला तर कन्व्हर्जनचा लेखी अर्ज द्या. आणि झेपत असेल तर हप्ता थोडा वाढवून मागा, दोन-अडीच हजारांनीसुद्धा किती वर्षं उरतात त्यात फरक पडतो.

---

नवीन_टेप_वाचक (पुणे)

सगळ्यांचे खूप आभार, एवढं ट्रेनिंगमध्ये पण सांगितलं नव्हतं. पण मॅनेजरला दाखवायला आकडा हवा. ७ बेसिस पॉइंटपैकी किती लोक गेल्यामुळे आणि किती दुसऱ्या कशामुळे हे वेगळं कसं काढायचं?

---

विरार_फास्ट

सोपं आहे. आजच्या फाइलमधल्या जिवंत लोनचे नंबर घ्या, तेवढीच लोन इश्यूच्या फाइलमध्ये शोधा, आणि त्यांचा इश्यूच्या दिवशीचा वॅक काढा, त्या दिवशीच्या शिल्लकीच्या वजनाने. मूळ ६.८४ आणि हा आकडा यातला फरक म्हणजे गेलेल्यांचा परिणाम. हा आकडा आणि आजचा ६.७७ यातला फरक म्हणजे राहिलेल्यांमध्ये जे बदललं ते, हप्ते, कर्टेलमेंट, एखाद्याचं मॉडिफिकेशन (लोनच्या अटी बदलून देणं). फायको, साइज, राज्य सगळ्याला हीच युक्ती चालते. वॅमला करताना मात्र मधले २६ महिने वजा करायला विसरू नका.

---

नवीन_टेप_वाचक (पुणे)

केलं! जिवंत लोनचा इश्यूच्या दिवशीचा वॅक ६.७७ च आला, दुसऱ्या दशांशापर्यंत तोच. फायको पण तसाच, पूर्ण फरक गेलेल्यांचा. वॅम मात्र उलट निघाला, जिवंत लोनचा इश्यूला ३५८ च होता, म्हणजे ते ६ महिने खरंच कर्टेलमेंटचे.

अजून एकच विचारतो. दुसऱ्या एका हमी नसलेल्या जुन्या डीलमध्ये फॅक्टर ०.०९ आहे आणि तिथे दर महिन्याला सगळे आकडे उड्या मारतात, वॅक एका महिन्यात १२ बेसिस पॉइंट वर, पुढच्या महिन्यात ९ खाली. त्याला काय फ्लॅग लावू?

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

आधी किती लोन उरलीत ते मोजा. ४०-५० उरली असतील तर त्यातलं एक मोठं लोन गेलं की सरासरी हलणारच, तिथे सरासरी बघण्यात अर्थ नाही, लोनची यादीच वाचून काढायची. डीलच्या कागदात क्लीनअप कॉल शोधा, बहुतेक ठिकाणी मूळ रकमेच्या १० टक्क्यांखाली गेलं की सर्व्हिसर (हप्ते गोळा करणारी कंपनी) किंवा ज्याला हक्क दिलाय तो उरलेली सगळी लोन विकत घेऊन डील बंद करू शकतो. ०.०९ म्हणजे तो हक्क आत्ता चालू आहे. तरी बंद करत नसतील तर उरलेली लोन घेण्यासारखी नाहीत असं कोणीतरी ठरवलंय, थकबाकीचा कॉलम बघा म्हणजे कळेल.